पिवळ्या चौकटीतला नागपूरकर

पत्र: स. न. वि. वि. मी चौतीस वर्षांचा, मूळचा त्रिमूर्तीनगरचा. दोन वर्षांपासून सिंगापूरला नोकरी करतो. नागपुरात असताना दिवसाला चार-पाच सिगारेटी व्हायच्या, त्याही ऑफिसजवळच्या पानठेल्यावर मित्रांबरोबर. इथे बारा होतात. ऑफिसच्या मागे जमिनीवर पिवळी चौकट आखली आहे, तिच्यात उभे राहून आम्ही चार-पाच जण ओढतो आणि खरे सांगायचे तर या शहरात माझ्या ओळखीचे लोक तेवढेच आहेत. रात्री स्वयंपाकघराच्या खिडकीत ओढतो. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी घरमालकाकडे तक्रार केली आहे. डिसेंबरात धाकट्या भावाच्या लग्नाला नागपूरला येतो आहे आणि जानेवारीत बायको व चार वर्षांची मुलगी माझ्यासोबत इकडे येतील. मुलीला अधूनमधून दम लागतो. बायको समजते की मी आमच्या लग्नानंतर लगेच सोडली. बाबांची बायपास झाल्यापासून घरात हा विषय निघत नाही. परतताना भारतातून दोन कार्टन आणले तर चालतील का? की व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, सुरू करावे? आणि भाड्याच्या घरातला वास कसा घालवावा? इथला एक नागपूरकर सहकारी खर्राही आणायला सांगतो आहे. त्याचे काय करू?

उत्तर:

तुमचे पत्र दोनदा वाचले. तुम्ही विचारलेले सगळे प्रश्न सिगारेट कशी चालू ठेवावी याबद्दलचे आहेत, पण पत्रातली अर्धी वाक्ये मुलीबद्दल, बायकोबद्दल आणि वडिलांबद्दल आहेत. तेव्हा विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आधी देतो, म्हणजे ती डोक्यातून जातील आणि मग मूळ गोष्टीकडे वळता येईल.

कार्टन आणू नका. दारूला सिंगापुरात प्रवाशांसाठी काही शुल्कमाफी आहे, तंबाखूला अजिबात नाही. एक सिगारेटसुद्धा शुल्कमुक्त नेता येत नाही आणि सोबत असलेल्या प्रत्येक सिगारेटीची माहिती विमानतळावर कस्टमच्या लाल मार्गिकेत जाऊन द्यावी लागते. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथले शुल्क सिगारेटमागे ४९.१ सेंट झाले. त्या दराने धरले तरी दोन कार्टनच्या ४०० सिगारेटींवर १९६ डॉलरहून अधिक शुल्क आणि वर जीएसटी भरावा लागेल, म्हणजे भारतातल्या स्वस्ताईचा फायदा विमानतळावरच संपला. न सांगता नेण्याचा विचार नोकरीच्या पासवर (परवान्यावर) तिथे राहणाऱ्या माणसाने करू नये. दंड भरता येतो, पण पुढच्या वेळी पास वाढवताना ही गोष्ट आपल्या नावापुढे असावी असे कोणाला वाटेल? सहकाऱ्याला खर्ऱ्याबद्दल स्पष्ट नाही म्हणा. चघळण्याची तंबाखू, गुटखा, खैनी सिंगापुरात नेण्यावरच बंदी आहे आणि तंबाखू-सुपारीला चुना लावून घोटलेला खर्रा हा काही वेगळा पदार्थ आहे, हे तिथल्या कस्टम अधिकाऱ्याला पटवून देण्याची वेळ कोणावरही येऊ नये. त्याला संत्राबर्फी न्या.

व्हेपचे उत्तर याहूनही छोटे आहे. १ फेब्रुवारी २०१८ पासून सिंगापुरात व्हेप विकत घेणे, बाळगणे आणि वापरणे हे तिन्ही गुन्हे आहेत. सप्टेंबर २०२५ पासून कारवाई आणखी कडक झाली असून पुन्हापुन्हा सापडणाऱ्या परदेशी नागरिकाचा पास रद्द करून त्याला परत पाठवण्यापर्यंत ती जाते. भारतातही २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री आणि साठवणूक बंद केली आहे. सिगारेट सोडण्यासाठी व्हेप वापरण्याची मुभा देणारे देश आहेत, त्यावर डॉक्टरांमध्ये वादही आहेत. तुम्ही ज्या दोन देशांत वावरता त्यांच्यापुरता तो वाद मिटलेला आहे.

आता घर. आपल्या स्वतःच्या घरात ओढण्याला तिथे कायद्याने बंदी नाही, पण भाडेकरारात बहुधा असते. करार काढून वाचा. खिडकीत उभे राहिल्याने धूर बाहेर जातो ही समजूत त्या वरच्या बाईंनी आधीच खोटी ठरवली आहे, आणि जो धूर त्यांच्या घरात जातो त्याचा काही वाटा तुमच्या स्वयंपाकघरातही मागे राहतो. खिडकीतून थोटूक कधी खाली टाकले असेल, तर यापुढे चुकूनही टाकू नका. उंच इमारतींवरून फेकलेली थोटके पकडण्यासाठी तिथे कॅमेरे लावतात आणि १ जुलै २०२३ पासून एखाद्या घरातून काही खाली पडल्याचे दिसले की ते त्या घरात राहणाऱ्या मालकाने किंवा भाडेकरूनेच टाकले असे कायदा धरून चालतो. मी नव्हतो हे त्यानेच दाखवून द्यायचे असते.

वास जातो. पडदे आणि उशांचे अभ्रे धुवून, भिंती व कपाटे साबणाच्या पाण्याने पुसून, एसीची जाळी साफ करून काही आठवड्यांत घर बरेच निवळते, मात्र त्या आठवड्यांत घरात एकही सिगारेट पेटता कामा नये. ज्या मुलीला दम लागतो तिच्यासाठी धूर हा त्रास वाढवणारा पदार्थ आहे, यात कोणत्याही डॉक्टरचे दुमत नाही. आणि बाप खाली जाऊन ओढून आला तरी त्याच्या शर्टाला, केसांना व श्वासाला चिकटलेला अंश त्याच्यासोबत लिफ्टने वर येतो. म्हणून वासाच्या प्रश्नाला सिगारेट थांबण्याखेरीज दुसरे टिकाऊ उत्तर मला सापडत नाही. हे तुम्हालाही ठाऊक असावे. नाहीतर दम लागण्याचा उल्लेख तुम्ही पत्रात केला नसता.

चाराच्या बारा कशा झाल्या, हा माझ्या मते तुमच्या पत्रातला खरा प्रश्न आहे. मी स्वतः एकोणीस वर्षे ओढत होतो, त्यातली बरीचशी नागपुरातल्या बर्डीवरच्या एका ठेल्याशी उभा राहून, त्यामुळे तिथे नेमके काय विकत मिळते याची मला कल्पना आहे. ठेल्यावर सिगारेट हे निमित्त असते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसवर गेलेला असताना शहाणा माणूस डांबरी रस्त्याच्या कडेला केवळ धुरासाठी उभा राहत नाही. तो साहेबाला शिव्या घालायला, मॅचचा स्कोअर विचारायला आणि कोणाच्या मुलीचे लग्न कुठे ठरले ते ऐकायला उभा राहतो. एक सिगारेट तिथे वीस मिनिटे पुरते, कारण तोंड बोलण्यात गुंतलेले असते. परदेशात गेल्यावर बोलणारे मागे राहिले आणि सिगारेट तेवढी सोबत आली. मग ज्या ज्या वेळी एरवी कोणाशी तरी दोन शब्द बोलला असता, त्या त्या वेळी तुम्ही एक पेटवू लागलात. जागेपणीच्या सोळा तासांत बारा म्हणजे दर ऐंशी मिनिटांनी एक. निकोटिनचे रक्तातले प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते, म्हणजे ते उतरू लागले की शरीर पुन्हा मागते आणि बोलायला कोणी नसल्याने त्याला अडवणारेही काही नसते.

तुमच्या घड्याळात आणखी एक गोष्ट दडलेली आहे असे मला वाटते. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. मुलगी झोपल्यावर, म्हणजे साडेनऊला, नागपूरहून फोन येत असेल तर तुमच्याकडे मध्यरात्र असते. फोन संपतो, पडदा काळा होतो, घरात दुसरा आवाज नसतो आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीकडे चालू लागता. हे माझे अनुमान आहे, चुकले असेल तर सोडून द्या. पण खरे असेल तर कुठलेही औषध सुरू करण्याआधी त्या फोनची वेळ बदला. इथल्या संध्याकाळी सहाला, मुलगी जागी असताना बोला, म्हणजे तुमच्याकडे साडेआठ झालेले असतील आणि बोलणे झाल्यावर जेवण, भांडी, उद्याचे कपडे अशी कामे शिल्लक राहतील. मध्यरात्रीनंतरच्या त्या सिगारेटीशी इच्छाशक्तीने झुंजण्यापेक्षा ती जिच्या पाठोपाठ येते ती वेळच मोडणे सोपे असते.

पिवळ्या चौकटीतले सोबती मात्र सोडू नका. घरचे लोक सांगतील की ती संगत वाईट, आणि माझे या बाबतीत त्यांच्याशी पटत नाही. परक्या शहरात दोन वर्षांत जोडलेली चार माणसे ही गमावण्याची गोष्ट नाही. बदलायची आहे ती भेटण्याची जागा. त्यांना एकदा नीट सांगा की मुलगी येते आहे म्हणून सोडतो आहे, आणि दुपारचे जेवण किंवा कोपी (तिथली कॉफी) त्यांच्यासोबत हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या सार्वजनिक जागी, घ्या, जिथे जेवणाच्या टेबलाशी ओढता येत नाही. आपल्या ठेल्यावर हे जमले नसते, तिथे जमते. सिंगापुरात ओढायला बसथांब्यापासून पाच मीटरच्या आत परवानगी नाही, इमारतींच्या सामाईक जिन्यात व खालच्या मोकळ्या जागेत नाही, १ जानेवारी २०१९ पासून ऑर्चर्ड रोडच्या परिसरात ठरावीक जागा सोडून कुठे नाही आणि १ जुलै २०२२ पासून सार्वजनिक उद्यानांत नाही. या सगळ्या नियमांचा तुम्हाला दोन वर्षे जाच वाटला असेल. सोडणाऱ्यासाठी मात्र ते आयते कुंपण आहे, कारण तलफ बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरते आणि चौकटीपर्यंत चालत जायलाच तेवढी मिनिटे लागतात.

म्हणूनच तारीख ठरवताना जानेवारीची ठरवू नका. ‘मुलगी आली की त्या दिवसापासून बंद’ हे ऐकायला गोड वाटते, पण त्याचा अर्थ असा होतो की चिडचिड, झोपमोड आणि एकाग्रता ढळणे हा सगळा त्रास नेमका त्या दिवसांत येईल जेव्हा नवे घर लागायचे असेल, मुलीची शाळा शोधायची असेल आणि बायको परक्या देशात तुमच्याच भरवशावर असेल. निकोटिन सुटल्याचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. तो काळ नोव्हेंबरात, सिंगापुरात, एकटे असतानाच पार पाडा. नागपुरात येऊन सोडीन असेही म्हणू नका. महाराष्ट्रात सुट्या सिगारेटींच्या विक्रीवर २०२० पासून बंदी असली तरी सुटी सिगारेट मिळवायला तुम्हाला किती पावले चालावी लागतील हे तुम्ही आणि मी दोघेही जाणतो.

औषधाची मदत घ्यायला संकोच करू नका. निकोटिनचा चघळायचा गम किंवा अंगाला चिकटवायची पट्टी योग्य रीतीने वापरली तर नुसत्या निश्चयाच्या तुलनेत यश मिळण्याची शक्यता साधारण दीडपट होते. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली पेटत असेल तर ४ मिलिग्रॅमचा गम लागतो, त्यानंतर पेटत असेल तर २ मिलिग्रॅमचा पुरतो. दिवसभर पट्टी आणि तलफ आली की गम, अशी जोडी एकट्या गमपेक्षा चांगली चालते. गम चिंगमसारखा सपासप चावणे ही लोकांची नेहमीची चूक आहे. सावकाश चावायचे, तोंडात तिखटसर झिणझिणी आली की तो गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा थोडा चावायचा. असे सुमारे अर्धा तास. तुमच्या त्या खर्रावाल्या सहकाऱ्याला ही रीत शिकवावी लागणार नाही. गमच्या आधी पंधरा मिनिटे आणि तो तोंडात असताना कॉफी किंवा फळांचा रस घेऊ नका, कारण आंबट तोंडात निकोटिन नीट शोषले जात नाही.

हा गम इथून नेऊ नका, तिथल्या फार्मसीतच घ्या. १९९२ मध्ये सिंगापूरने चिंगमवर बंदी घातली, ती २००४ मध्ये औषधी गमपुरती सैल झाली, आणि ती सैल होण्याला अमेरिकेशी झालेला व्यापार करार कारण ठरला होता. एवढ्या मोठ्या वाटाघाटीतून सुटलेली वस्तू तुमच्यासारख्याच माणसांसाठी आहे, तिचा उपयोग करा. फार्मासिस्टशी बोला, तो मात्रा ठरवून देईल. तिथल्या हेल्थ प्रमोशन बोर्डाचा ‘आय क्विट’ हा अठ्ठावीस दिवसांचा कार्यक्रम आहे, त्यात नाव नोंदवा. व्हॅरेनिक्लिन या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारता येईल, पण ती सोडण्याच्या तारखेच्या एक आठवडा आधी सुरू करावी लागते आणि साधारण बारा आठवडे चालते, हे लक्षात घेऊन तारीख मोजा. तुम्ही मानसिक आजाराची किंवा दम्याची एखादी नेहमीची औषधे घेत असाल तर सोडण्यापूर्वी डॉक्टरांना कळवा, कारण धुरामुळे काही औषधे शरीरातून लवकर निघून जात असतात आणि धूर थांबला की त्यांची मात्रा जास्त होऊ शकते.

कॉफीचेही तसेच आहे, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असते. ओढणाऱ्याचे शरीर कॅफिन झपाट्याने संपवते. सिगारेट बंद होताच तेवढ्याच कॉफीने हात थरथरतात, छाती धडधडते, झोप लागत नाही आणि माणूस समजतो की सिगारेट सोडल्याने हे झाले. पहिल्या आठवड्यातच कोपीचे कप निम्मे करा. वजन पहिल्या वर्षात चार-पाच किलो वाढू शकते. सिंगापुरातल्या मॅकरिची जलाशयाभोवतीची पायवाट त्याच्यावर उत्तम उपाय आहे आणि नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या बांधावर सकाळी फिरलेल्या माणसाला ती परकी वाटणार नाही.

पैशांचे सांगत नाही, तुम्ही हिशेबाचे माणूस दिसता. एवढेच नोंदवतो की बारा सिगारेटींवरचे नुसते शुल्क, वर सांगितलेल्या दराने, वर्षाला सुमारे २,१५० सिंगापूर डॉलर होते. लग्नाच्या हंगामात तेवढ्यात तिघांची नागपूरवारी निघावी.

आता बायको. तिला जानेवारीपूर्वी सांगा आणि शक्य असेल तर डिसेंबरात समोर बसून सांगा, फोनवर नको. वाक्य साधे असू द्या: आपल्या लग्नानंतर मी सोडली नव्हती, तिथे वाढली, अमुक तारखेपासून बंद आहे. ती रागावेल. रागाचे कारण सिगारेट कमी आणि इतकी वर्षे लपवले हे जास्त असेल, म्हणून त्या वेळी निकोटिनबद्दल माहिती देत बसू नका. न सांगता सोडता येईल असे तुम्हाला वाटत असेल, पण मग चिडचिडीच्या दिवशी तिला कारण कळणार नाही, पहिली चूक झाली की पुन्हा लपवावे लागेल, आणि त्या लपवण्याची सवय सिगारेटीइतकीच जुनी झालेली असेल. वडिलांना मुद्दाम जाऊन सांगण्याची गरज मला वाटत नाही. त्यांनी सरळ विचारले तर खोटे बोलू नका; ओढत होतो, सोडली, एवढे उत्तर बायपास झालेल्या बापालाही पेलते.

मध्येच एखादी ओढली गेली तर सारे मुसळ केरात गेले असे समजू नका. मला स्वतःला चौथ्या प्रयत्नात जमले. पहिल्या तीन वेळी मी एक ओढली आणि आता काय उरले म्हणून पाकीट घेतले. चौथ्या वेळी एक ओढली आणि घरी जाऊन झोपलो. फरक एवढाच होता. ब्रिटनमधील डॉक्टरांचा पन्नास वर्षे पाठपुरावा करून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले की तिशीत सोडणाऱ्यांचे सुमारे दहा वर्षांचे आणि चाळिशीत सोडणाऱ्यांचे सुमारे नऊ वर्षांचे आयुष्य वाचते. तुम्ही चौतीस वर्षांचे आहात, एखाददुसरा प्रयत्न फसला तरी हातात वेळ आहे.

राहिला डिसेंबर. नागपूरची थंडी, घरात पाहुणे, रात्री हळदीनंतर गच्चीवर जमलेले मित्र. तीन आठवड्यांपूर्वी सोडलेल्या माणसाला याहून अवघड जागा नाही. गमच्या दोन स्ट्रिपा खिशात ठेवा, वरातीतसुद्धा. फार्मसीत घेतलेला साठा प्रवासात पुरेल एवढा आणा आणि तो उरला तर परत नेण्याच्या भानगडीत पडू नका. अगदीच अवघड झाले तर भारत सरकारची तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ या क्रमांकावर विनाशुल्क आहे. शिवाय मित्रांपैकी एकालाच, ज्याचे बाकीचे ऐकतात त्याला, आधी विश्वासात घ्या. आणि कोणी पाकीट पुढे केले की ‘मी ओढत नाही’ एवढेच म्हणा. ‘सोडून राहिलो’ असे चुकूनही म्हणू नका, कारण आपल्याकडे सोडून राहिलेल्याला ‘मंग हे शेवटची घे ना बे’ म्हणणारा एक तरी मित्र प्रत्येक गच्चीवर असतोच.